कप्तानाचं वजन

थिएटरात कुणी नवीन माणूस आला आणि त्याने दादाची चौकशी केली, की लोक बोट जमिनीकडे करत. "दादा ना? पाताळात आहेत." रंगमंचाच्या फळ्यांखाली, जिथे भर दिवसाही अंधार असतो, तिथे दादाची निम्मीअधिक हयात गेली. वर कोण राजा झाला, कोण कुणाच्या प्रेमात पडला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला माणसं कळायची ती त्यांच्या पावलांवरून आणि वजनावरून. नायिका डावा पाय जपून टाकते आहे, हे तिच्या नवऱ्याच्या आधी दादाला कळायचं. खलनायक सुटीवरून परतला की दादा खालून ओरडायचा, "सासुरवाडी मानवलेली दिसते! आज विटा वाढवाव्या लागणार."

विटा म्हणजे लोखंडाच्या. रंगमंचाच्या मधोमध एक चौकोनी भोक आहे. एरवी त्यावर फळ्यांचं झाकण असतं, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो. झाकण बाजूला सरकलं की खालून एक चौरस फळी माणसाला घेऊन वर येते आणि ते भोक नेमकं भरून टाकते. बसायच्या पाटापेक्षा थोडी मोठी, म्हणून सगळे तिला पाटच म्हणतात. पाटाचा दोर कप्पीवरून पलीकडे जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी पिंजरा लटकतो. पाट खाली तर पिंजरा वर, पाट वर तर पिंजरा खाली. पिंजऱ्यात माणसाच्या वजनाइतक्या विटा भरल्या की दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात. त्यावर आणखी एखाददुसरी वीट टाकली की माणूस जमिनीतून उगवल्यासारखा वर येतो. मोटार नाही, बटण नाही. सगळा खेळ तोलाचा.

म्हणूनच वजनात खोट चालत नाही. विटा कमी पडल्या तर पाट अर्ध्यात रेंगाळतो, लोक हसतात, आणि तेवढ्यावर भागतं. पण विटा जास्त झाल्या तर पाट सुटतो तो गोफणीतल्या दगडासारखा, आणि वरच्या अडसराला आपटून माणसाला भिरकावून देतो. दादा नवशिका होता तेव्हा त्याने एका कसरतपटूला असं उडताना पाहिलं होतं. भल्या माणसाने तोलताना कमरेला जड पट्टा बांधला होता, खेळाच्या वेळी काढून ठेवला आणि सांगायला विसरला. त्याचे दोन्ही गुडघे कायमचे गेले. पुढे पाताळाचा कारभार हाती आल्यावर दादाने एकच नियम केला. तोलून झाल्यावर अंगावरचं काही उतरवायचं किंवा चढवायचं असेल, तर आधी खाली येऊन सांगायचं. मोठमोठ्या नटांनी त्याची टर उडवली, पण नियम मोडायची कुणाची छाती झाली नाही.

त्याच्या जोडीला दोराच्या ब्रेकवर मुका असायचा. याचं तोंड दिवसभर चालू, म्हणून त्याला मुका म्हणत. पण पाटावर माणूस उभा राहिला की खाली बोलणं बंद, हा पाताळातला रिवाज होता, आणि तेव्हा मुकासुद्धा नावाला जागायचा. दादा अंधारात पाटाच्या बाजूला गुडघा टेकून बसायचा आणि खिट्टीवर हात ठेवायचा. खिट्टी म्हणजे पाटाला खाली अडकवून ठेवणारी जाड लोखंडी पट्टी. पाट रिकामा असला की पलीकडच्या विटांच्या ओढीने ती अशी घट्ट बसते की दोन पैलवानांनाही हलायची नाही. माणूस पाटावर चढला की तोल साधतो, खिट्टी सैल पडते, आणि मग एका हाताने अलगद ओढता येते. दादाचं सगळं शहाणपण त्या उजव्या हाताच्या चार बोटांत होतं.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दादाने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याला शेजारी बसवलं, आणि तो नट व्हायचं म्हणाला तेव्हा कुरकुर न करता थिएटरात घेऊन आला. बरीच वर्षं धाकट्याने भाले धरले आणि निरोप पोचवले. या हंगामात त्याला पहिल्यांदा मोठं काम मिळालं, बुडालेल्या कप्तानाचं. नाटकभर त्याची वाट पाहिली जाते, आणि शेवटच्या अंकात तो जमिनीतून वर येतो. गाव त्याच्यासाठी नाटकाला येत होतं. दादा मात्र वेगळ्याच गोष्टीवर खूश होता. हंगाम सुरू झाल्यापासून धाकट्याच्या विटांमध्ये एकीचाही फरक पडला नव्हता. "बाकीचे भोपळ्यासारखे फुगतात आणि सुकतात," तो मुक्याला ऐकवायचा, "आणि आमचा बघ. पहिल्या दिवशी भरल्या त्याच विटा."

दादाची बायको थिएटरातले कपडे सांभाळायची. तिला काही हे पटत नव्हतं.

"अहो, भाऊजींचे गाल बघितलेत का? नुसती हाडं दिसतात. मी त्यांचा सदरा दोनदा आत घेतला."

"रंगवलेले गाल ते. कप्तान बुडालेला आहे, गुबगुबीत कसा दिसेल?"

"रंग उतरवल्यावर बघा म्हणते मी."

"अगं, मी त्याला रोज तोलतो. पिंजरा काय खोटं बोलेल?"

दादाच्या डोळ्यांनाही ते गाल दिसत होतेच. पण डोळ्यांपेक्षा त्याचा पिंजऱ्यावर जास्त विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर पिंजऱ्यावर विश्वास ठेवणं सोयीचंही होतं.

तो दुपारचा खेळ होता. नेहमीप्रमाणे आधी तोलणं झालं. धाकटा कप्तानाचा घोट्यापर्यंतचा लांब कोट घालून, बूट चढवून पाटावर उभा राहिला, पाट बोटाने ढकलावा इतका हलका तरंगला, आणि दादाने समाधानाने मान हलवली. पहिले अंक सुरळीत गेले. शेवटच्या अंकात मात्र धाकटा वेळेवर खाली आला नाही. भिंतीवरचा लाल दिवा लागला, म्हणजे तयार राहा; हिरवा लागला की पाट सोडायचा. मुक्याने ठरल्याप्रमाणे वरचं झाकण सरकवलं. भोकातून निळसर उजेड आणि वादळाचा गडगडाट एकदमच खाली कोसळला. पत्र्यांचा, ढोलांचा आणि ध्वनिफितीचा तो आवाज इतका मोठा असायचा की खाली कानात बोललं तरच ऐकू यावं.

तेवढ्यात धाकटा धावत आला आणि कोटाच्या गुंड्या लावत पाटावर चढला. दादाचा हात सवयीने खिट्टीवर गेला.

खिट्टी घट्ट होती.

दादाने पुन्हा ओढून पाहिली. ढिम्म हलेना. सैल नाही, अर्धवट सैलही नाही. पाटावर माणूस उभा होता, त्याचे बूट दादाच्या नाकासमोर होते, आणि खिट्टी मात्र अशी बसली होती की जणू पाटावर निम्माच माणूस आहे. त्याने वर पाहिलं. धाकटा खाली बघत नव्हता. तो भोकातल्या उजेडाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावरचा घाम रंगातून ओघळत होता.

दादा उठला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा रिवाज मोडला. धाकट्याला खाली वाकवून, त्याच्या कानाला तोंड लावून तो म्हणाला, "काय उतरवलंस अंगावरचं?"

"काही नाही. ओढ."

"खिट्टी घट्ट आहे. काय उतरवलंस?"

"दादा, ओढ. हिरवा दिवा लागेल आता."

वर कप्तानाची बायको झालेली नटी कंदील घेऊन टेबलाशी उभी होती. तिचं शेवटचं भाषण सुरू झालं होतं. ते संपलं की ती समुद्राकडे नजर लावून एकेक पाऊल मागे यायची, आणि नेमकी कप्तानाच्या छातीला टेकायची. नाटकातली सगळ्यात गाजलेली जागा होती ती. मागे वळून बघायची तिला मुभा नव्हती. तिच्या पाठीमागे या क्षणी कप्तान नव्हता, उघडं भोक होतं. पाट वर गेला नाही तर ती त्यात पडणार, आणि तोल चुकलेला पाट तसाच सोडला तर धाकटा तिच्यासकट उडणार. झाकण परत लावायला पिंजऱ्यामागे जाऊन दोघांना जोर करावा लागतो, तेवढा वेळ नव्हता. ओरडून सांगावं तर वादळापुढे ऐकतो कोण? पिंजऱ्यातल्या विटा काढाव्यात म्हटलं तर पाट खाली असताना पिंजरा वर, हाताच्या आवाक्याबाहेर.

"कोट," धाकटा एकदम म्हणाला. "कोटाच्या अस्तरात मी लोखंडी पट्ट्या शिवल्या होत्या. मघाशी अस्तर फाटलं. वहिनीने शिवताना काढून ठेवल्या असणार. मला आत्ता घालताना कळलं, कोट हलका लागला."

"कधीपासून शिवतोयस?"

धाकटा पुन्हा वर भोकाकडे बघायला लागला.

"अरे, किती लोखंड होतं? आकडा सांग!"

"एक. एका विटेएवढं."

जादा विटा पाटाजवळच रचलेल्या असत. दादाने एक उचलून धाकट्याच्या दोन्ही बुटांच्या मध्ये ठेवली आणि खिट्टीला हात घातला. घट्ट. त्याने वर पाहिलं नाही. दुसरी वीट ठेवली. घट्ट. एका विटेएवढं म्हणाला होता. तिसरी ठेवली, खिट्टी ओढली, आणि ती किंचित कुरकुरली पण सुटली नाही. भोकाच्या कडेवर कंदिलाचा उजेड हलायला लागला होता, म्हणजे भाषण संपत आलं होतं. मुका पलीकडून हात हलवून विचारत होता, काय झालं? दादाचे हात काम करत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हे लोखंड नाही, हा धाकटा आहे. ही एक वीट त्याच्या गालांतून गेली, ही दंडांतून गेली, आणि हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत गेलं. रोज तोललं आपण. रोज शाबासकी दिली, स्वतःलाच.

चौथी वीट ठेवली तेव्हा खिट्टी बोटांखाली सैल पडली.

दादाने घाईघाईत आणखी एक ठेवली. सावकाश गेला तरी चालेल, पण उडता कामा नये. "बुटांनी दाबून धर," तो ओरडला. हिरवा दिवा लागला. मुक्याने ब्रेक सोडला आणि दादाने खिट्टी ओढली.

पाट हलला नाही. मग त्याने पाटाला खालून खांदा लावला आणि रेटलं. पाट निघाला, आणि एकदा निघाल्यावर हळूहळू, जड झोपेतून उठल्यासारखा वर जायला लागला. आधी धाकट्याचं डोकं उजेडात गेलं, मग खांदे, मग कोटाचा घेर. दादा हात वर करून खाली उभा राहिला, जणू पडला तर झेलणार होता. पाट वरच्या अडसराला लागला तेव्हा धक्काही बसला नाही. पाठोपाठ नटीचं शेवटचं पाऊल फळीवर पडलं. सबंध थिएटराने श्वास रोखला, आणि मग वादळावरूनही टाळ्या ऐकू आल्या. दादा तिथेच विटांच्या ढिगावर बसला.

कप्तानाला वर गेल्यावर जागचं हलायचं नसतं. बायको बोलते, तो ऐकतो, आणि शेवटी आला तसा जमिनीत परत जातो. मुक्याने आणि दादाने चरखी फिरवून पाट खाली आणला. कोटाचा घेर, पायाशी विटा, आणि विटांना घट्ट दाबून धरलेले बूट तसेच होते. दादाने खिट्टी लावली. वर पडदा पडला, वादळ बंद झालं, आणि पाताळात इतकं सामसूम झालं की धाकट्याची धाप ऐकू येत होती.

मुक्याने विटांकडे पाहिलं, दोघा भावांकडे पाहिलं, आणि तोंडातून ब्र न काढता जिन्याने वर निघून गेला. जिन्यावर त्याला दिग्दर्शक आडवा आला. तो जवळजवळ उड्या मारतच खाली उतरला.

"दादा, काय केलंत आज! काय वर आला कप्तान! खरोखर समुद्राने बाहेर सोडल्यासारखा. लोक रडत होते हो. आजपासून रोज असंच सावकाश हवं."

"हो ना!" धाकटा पाटावरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात भलतीच आशा होती. "रोज असंच करू. दादाला जमेल. जमेल ना रे?"

दिग्दर्शक दोघांच्या पाठी थोपटून आला तसा गेला. धाकटा वाकून दादाजवळ आला.

"ऐकलंस? कुणाला काही कळलं नाही. पट्ट्याबिट्ट्या काही नकोत आता. तूच ठेव विटा माझ्या पायाशी. घेराखाली दिसत नाहीत. तुला माहीत, मला माहीत. संपलं."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"म्हणजे?"

"पुढच्या महिन्यात सहा ठेवू. मग आठ. मग तू घरीच राहा, मी कोटात नुसत्या विटा भरून वर पाठवतो. टाळ्या पडतील."

धाकट्याने मान फिरवली. तो रागावला होता आणि त्याला रडूही येत होतं. "तुला नाही कळायचं. तू खाली असतोस. मी किती वर्षं भाला धरून उभा होतो! आता कुठे लोक माझी वाट बघतात. एकदा पाटावरून उतरलो की दुसरा चढेल, मग परत कोण बोलावतंय?"

"डॉक्टरकडे गेलास?"

"नाही."

"का?"

"गेलो तर ते काहीतरी सांगतील ना!" धाकटा ओरडला. मग आवाज एकदम खाली आला. "मला भीती वाटते, दादा. काही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. रात्री कूस बदलली की हाडं टोचतात. एकट्याने जाऊन ऐकायची हिंमत नाही माझी. म्हणून शिवत गेलो. तू रोज म्हणायचास, वजन तेवढंच आहे. तू म्हणालास की मलाही खरं वाटायचं."

दादाला रडू फुटलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने लपवलंही नाही. बाहीने तोंड पुसून तो म्हणाला, "मलाही खरं वाटायचं रे."

तेवढ्यात जिन्यावर वहिनी दिसली. तिच्या पदरात लोखंडी पट्ट्यांचा जुडगा होता. "भाऊजी, या तुमच्या कोटात निघाल्या. घेर नीट पडावा म्हणून का..." तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि पुढचं वाक्य गिळलं. पट्ट्या तिने आवाज न करता खालच्या पायरीवर ठेवल्या.

"सांगतेस का वर जाऊन दिग्दर्शकाला?" दादा तिला म्हणाला. "उद्याचा खेळ दुसरा कप्तान घेऊन करा म्हणावं. कारण विचारलं तर सांग, दादाने पाट नाकारला."

पाट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हा शेवटचा शब्द थिएटरात दादाचाच असे, पण इतक्या वर्षांत त्याने तो कधी वापरला नव्हता. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. आता हा भांडणार, असं दादाला वाटलं. उभ्या जन्मात परत बोलणार नाही, असंही वाटलं, आणि तसं झालं तरी आपण शब्द मागे घ्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

धाकटा भांडला नाही. तो कोटाच्या गुंड्या काढायला लागला, पण एकही निघेना. वहिनीने पुढे होऊन गुंड्या काढल्या आणि कोट त्याच्या अंगावरून उतरवून घेतला. आतल्या सदऱ्यात धाकटा शाळकरी पोरासारखा दिसत होता. दादाने त्याला पाटावरून उतरवायला दंडाला धरलं, आणि त्याची बोटं पलीकडून फिरून आपल्याच अंगठ्याला लागली. त्याने हात सोडला नाही.

"उद्या सकाळी जायचं," तो म्हणाला. "मी येतोय."

"बाहेर बसशील?"

"आत. तुझ्या शेजारी."

"डॉक्टर काय म्हणतील ते तू आधी ऐक," धाकटा म्हणाला. "मग मला तू सांग. तू सांगितलंस तर मी ऐकेन."